टंच

तहसीन मुजावरनं मला खाली बोलावलं,
मिरजेच्या दवाखान्यात, रात्री अडीचला.
म्हणाली, ताई, एक डोळा मिटा आणि बघा.
काचेखाली जांभळट उजेड,
उजेडात रक्ताच्या फिकट टिकल्या,
आणि टिकल्यांच्या पोटात
बारीक बारीक अंगठ्या, खडा बसवलेल्या.

मी गलाईवाल्याची बायको.
अंगठी मला परकी नाही.
पण एवढी बारीक घडवली कुणी?
डासानं आणून सोडली, ती म्हणाली.
फॅल्सिपेरम. मेंदूपर्यंत गेलाय.

जालिंदर कोरापूटला असतो, अकरा वर्षं.
दुसऱ्यांचे मोडके दागिने मुशीत टाकायचे,
वर सवागीची चिमूट, मग तेजाब,
धुराला पाठ द्यायची,
आणि तळाशी राहील ते शुद्ध.
लेंगऱ्याच्या जत्रेला आला तो ताप घेऊनच.
विट्याच्या डॉक्टरनं टायफॉइड म्हणून सलाईन लावलं.
सासूबाईंनी लिंबू उतरलं.
मी दोघांचंही चालू दिलं.
तिसऱ्या सांजेला मला म्हणाला, पावती केलीस का?
मी म्हटलं, कसली?
तेवढ्यात डोळे वर गेले, दातखीळ बसली,
पाय खाटेवर आपटायला लागले.
तासगाव ओलांडेस्तोवर आणखी दोनदा.

कुरणे डॉक्टरांनी छातीच्या हाडावर मूठ घासली,
कसोटीवर सोनं घासावं तशी.
त्याचा हात थोडा हलला, डोळा नाही उघडला.
पंधरापैकी सात, ते नर्सला म्हणाले.
मी हिशोब केला.
निम्म्याहून जास्त खोट.

साखर अडतीस. आधी शिरेतनं ग्लुकोज.
मग आर्टेसुनेटची कुपी,
चिमूटभर पांढरी पूड,
सोड्याच्या पाण्यात फसफसली, निवळली.
आत्ता एक, बारा तासांनी एक,
चोवीसला एक, मग रोज.
मी भिंतीवरच्या घड्याळाखालीच पथारी टाकली.

येणारा जो तो एकच विचारायचा,
शुद्धीवर आला का?
जन्मभर हा दुसऱ्याचं शुद्ध करत बसला
आणि याची स्वतःची
अशी कुठल्या धुरात गेली?

नाकात नळी. हात गॉजनं कठड्याला बांधलेले.
लघवीची पिशवी कोऱ्या चहासारखी.
तहसीन सकाळी जाता जाता आकडा सांगायची,
शंभरात नऊ.
शंभरात चार.
चौथ्या दिवशी म्हणाली, शोधून शोधून एक सापडली.
मी त्या दिवशी पाटल्या मोडल्या.
सराफकट्ट्यावरच्या माणसानं काट्यावर टाकल्या, फुंकर मारली,
बोलला ते मी मान खाली घालून ऐकलं.

पाचव्या रात्री ओठ हलले. पाणी.
तिकडच्या भाषेतही पाण्याला पाणीच म्हणतात,
त्यामुळं कळेना
हा मिरजेत जागा झालाय
की अजून कोरापूटच्या दुकानातच
कुणा पोऱ्याला हाक मारतोय.
मी चमच्यानं ओठ ओले केले.
गिळायचं अजून बंद होतं.

नंतरचं सगळं सावकाश.
हात थरथरायचा, वाटी धरवत नव्हती.
थोरल्या पोरीला ओळखलं, धाकट्याचं नाव येईना,
पोरगं कॉटखाली जाऊन बसलं.
डॉक्टर म्हणाले, होईल. महिनाभर दर आठवड्याला रक्त तपासा,
औषध संपल्यावरही ते फुटू शकतं.
होईल म्हणताना
ते माझ्याकडं बघत नव्हते.

आणि एका दुपारी, मी संत्रं सोलत होते,
त्याची नजर माझ्या मनगटावर थांबली.
पाटल्या?
मोडल्या.
टंच किती सांगितला?
एक्याण्णव.
त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, गेला परत आत.
मग जड जिभेनं, एकेक अक्षर उचलत म्हणाला,
त्र्याण्णव होता.
मीच ओतल्या होत्या. फसवलं तुला.

शेजारच्या कॉटवरची बाई दचकून उठली,
एवढ्या मोठ्यांदा मी हसले.